वीरपत्नी होण्याआधी

स्त्री चळवळीनं युद्धाबद्दल पुष्कळ बोलून ठेवलं आहे. सैन्यात पुरुषीपणा कसा पोसला जातो, सीमेवरच्या गावांतल्या बायकांना त्याची किंमत कशी मोजावी लागते, हे आपण शिबिरांतून मांडलं आणि ते मांडायलाच हवं होतं. पण फौजेतून मोडून परत आलेल्या माणसाच्या घरात पुढची वीस-पंचवीस वर्षं काय चालतं, हा आपला प्रश्न आहे असं आपल्याला फारसं वाटलेलं नाही. "त्यांचं काय, त्यांना पेन्शन असते, दवाखाना असतो, कँटीन असतं," असं आपल्या कार्यकर्त्याच म्हणतात.

मी सातारा जिल्ह्यात कुटुंब सल्ला केंद्रात काम करते. एम.एस.डब्ल्यू. करताना अपंग सैनिक हा विषय मला कुणी शिकवला नव्हता. तो माझ्यापर्यंत बायकांनीच आणला, आणि त्यातल्या बऱ्याच जणी पेन्शनसाठी नाही, तर "मालक मारत्यात" म्हणून आल्या होत्या. दोन-तीन भेटींनंतर कळायचं की मालक फौजेतून मुदतीआधी घरी आलेत, रात्री झोपत नाहीत, दार वाजलं की दचकतात, आणि ट्रंकेत एक फाईल आहे जी आठ वर्षांत कुणी उघडलेली नाही.

आपल्या जिल्ह्याला फौजेचा अभिमान आहे. अपशिंगे गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, त्यांची आठवण कोरलेला दगड तिथे आहे, गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागलं ते तेव्हापासूनच्या परंपरेमुळे. मेले त्यांची मोजदाद झाली. जे हात-पाय गमावून किंवा डोकं फिरून परत आले त्यांना कुणी खाऊपिऊ घातलं, त्यांच्या जखमा कुणी धुतल्या, ते कुठल्याच दगडावर नाही. त्यासाठी शंभर वर्षं मागे जायचीही गरज नाही. आजच्या फायलीत बघा.

आधी थोडं फायलीविषयी. सैनिक सेवेतून बाहेर पडताना मेडिकल बोर्ड दोन गोष्टी ठरवतं. अपंगत्व किती टक्के, आणि ते लष्करी सेवेमुळे आलं किंवा सेवेमुळे वाढलं का. साधारणपणे किमान वीस टक्के अपंगत्व आणि दुसऱ्या प्रश्नाला 'होय', असं असेल तरच अपंगत्व पेन्शन. गोळी लागली, सुरुंगात पाय गेला, तर वाद कमी. पण मनाचा आजार, फिट येणं, रक्तदाब, मधुमेह असलं काही असेल तर बोर्ड बऱ्याचदा लिहून मोकळं होतं की हे सेवेमुळे आलेलं नाही आणि सेवेनं वाढलेलंही नाही. या शेऱ्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार 'नाना' असा होतो. आमच्याकडे एक बाई म्हणाल्या, "ताई, आमच्या फायलीवर नाना बसलाय, तो काय उठंना." त्या दिवसापासून आमच्या केंद्रात हाच शब्द चालतो.

हा नाना हलतो, हे मात्र बायकांपर्यंत पोचवायला हवं. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात निकाल दिला. हा जवान भरतीच्या वेळी धडधाकट होता, पुढे त्याला फिट येऊ लागल्या आणि १९९४ मध्ये त्याला घरी पाठवलं. न्यायालयानं म्हटलं की भरती करून घेताना आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेतच जडला असं धरलं पाहिजे, नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, आणि बोर्डानं कारणं लिहिली पाहिजेत. माणूस निरोगी म्हणून तुम्हीच निवडून घेतला होता ना, इतका साधा हा मुद्दा आहे. २०१४ च्या डिसेंबरात राम अवतार प्रकरणात टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याचा लाभ पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. म्हणजे मान्य झालेलं अपंगत्व पन्नासच्या आत असेल तर ते पन्नास धरायचं. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या तीस टक्के असा हिशोब आहे. पगार चाळीस हजार धरला, तर वीस टक्क्यांचे २,४०० होतात आणि पन्नासचे ६,०००. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घरात या फरकातून मुलीचं कॉलेज होतं. अर्थात २१ सप्टेंबर २०२३ पासून बाहेर पडलेल्यांना नवे नियम लागू आहेत, म्हणून कुठलीही फाईल हातात घेतली की पहिली डिस्चार्जची तारीख बघायची.

आणि वेळ घालवायचा नाही. २००८ च्या तरसेम सिंग निकालानुसार उशिरा दाद मागणाऱ्याला थकबाकी मिळते ती अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच. बाकीची वर्षं पाण्यात. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईतच आहे, दिल्लीला जावं लागत नाही. पण हे माहीत असलेली बाई मला अजून भेटलेली नाही, माहीत असलेले पुरुषही थोडेच.

आता मारहाणीकडे येते. दारूमुळे आलेल्या अपंगत्वाला नियमात भरपाई नाही, कारण पिणं ही माणसाच्या स्वतःच्या हातातली गोष्ट मानली आहे. त्याच माणसाला रमचा कोटा मात्र निवृत्तीनंतरही कँटीनमधून सवलतीत मिळत राहतो. मन आधी बिघडलं की बाटली आधी आली, हे कुणाला विचारायचं? ज्या बाईनं त्याला दरवर्षीच्या रजेत पाहिलं तिलाच ना? कुठल्या वर्षीच्या रजेत तो पहिल्यांदा रात्रभर अंगणात बसून राहिला, कुठल्या पोस्टिंगनंतर त्यानं मुलांशी बोलणं टाकलं, हे तिला तारीखवार पाठ असतं. आमच्याकडे आलेल्या एकाही फाईलमध्ये बायकोला काही विचारल्याची ओळ मी पाहिलेली नाही. म्हणून आम्ही तिचं म्हणणं लिहून घेतो, जुनी पत्रं, गावच्या डॉक्टरच्या चिठ्ठ्या, रजेच्या तारखा गोळा करतो आणि अपिलाला जोडतो.

इथे गैरसमज नको. आजार हे मारहाणीचं कारण म्हणून मी खपवून घेत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा फौजीच्या बायकोलाही तेवढाच लागू आहे, आणि "देशासाठी लढलाय, सोसून घे" असं सांगणाऱ्या गावच्या पुढाऱ्यांशी मी भांडलेही आहे. पण बहुतेक जणींना नवरा कोठडीत नको असतो, बरा व्हायला हवा असतो. तेव्हा संरक्षणाचा अर्ज आणि उपचाराची-पेन्शनची फाईल, दोन्ही एकाच दिवशी उघडायला काय हरकत आहे? आपण पहिलं करतो आणि दुसरं 'सैनिक कार्यालयाचं काम' म्हणून सोडून देतो.

त्या कार्यालयात काय होतं, तेही सांगते. अपंग नवऱ्याला घेऊन जाणं शक्य नसतं म्हणून बाईच जाते. "मेजरना घेऊन या," असं तिला सांगितलं जातं. मी ज्या कार्यालयांत गेले तिथे टेबलापलीकडे जवळजवळ सगळे निवृत्त फौजीच होते. माणसं वाईट नसतात, चहाही विचारतात, पण त्यांच्या लेखी फाईल मेजरची असते. ही फक्त घेऊन आलेली.

फाईल उघडली की दुसरा डोंगर, तिचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी हसायचं, टाळ्या वाजवायच्या. आपण या प्रथेवर कित्येकदा बोललोय, बाईची ओळख पुसली जाते वगैरे. ती ओळख पुसण्याचा हिशोब रुपयांत बघायचा असेल तर सैनिकाच्या बायकोचे कागद बघा. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव. लग्नाची नोंद युनिटमधून 'पार्ट टू ऑर्डर'नं झाली तिथे सासरचं, तेही कारकुनाच्या कानाला ऐकू आलं तसं. आधारवर तिसरंच, जन्मतारखेसाठी नुसतं साल. पेन्शनच्या आदेशात यातलं एक, आणि माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या कार्डासाठी सगळी जुळायला हवीत. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावबदल, रेकॉर्ड ऑफिसला पत्र, पुन्हा पत्र. एकीच्या कागदांना सव्वा वर्ष लागलं. मधेच एकदा त्या म्हणाल्या, "ताई, आता माझं नाव नक्की कोनतं म्हनायचं ते तुमीच सांगा." त्या हसत होत्या, मला हसता आलं नाही.

ही आरोग्य योजना, ईसीएचएस, २००३ साली सुरू झाली आणि ती चांगली आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पॉलिक्लिनिकमध्ये दाखवायचं, तिथून चिठ्ठी घेऊन यादीतल्या खाजगी रुग्णालयात जायचं, पैसे भरायचे नाहीत. अडतं ते यादीतल्या रुग्णालयांची बिलं सरकारकडे थकली की. एका रुग्णालयात (नाव लिहीत नाही) आमच्या एका बाईला "सध्या कार्डावर घेत नाही" असं सांगून अनामत मागितली. तिनं कानातलं मोडलं. आणीबाणीत यादीबाहेरच्या दवाखान्यात न्यावं लागलं तर दोन दिवसांत पॉलिक्लिनिकला कळवायचं असतं. हे बेशुद्ध पडलेल्या माणसाला कळून उपयोग नाही, ते तिला माहीत हवं.

पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, खडकीला अपंग सैनिकांना काम शिकवणारी क्वीन मेरीज संस्था १९१७ ची. पाय बसवून देण्याची, हाताला हुन्नर देण्याची इतकी जुनी सोय आपल्याच दारात आहे. पण कमरेखाली लुळ्या पडलेल्या माणसाला रात्री दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं, नाही तर पाठीला जखमा होतात. घरी गेल्यावर हे कोण करतं? शंभर टक्के अपंगत्व असेल आणि बोर्डानं शिफारस केली असेल तर मदतनीसासाठी भत्ता मिळतो. २०१७ मध्ये तो महिना ४,५०० वरून ६,७५० रुपये झाला. दिवसाचे सव्वादोनशे, चोवीस तासांचे. तरी तो मागायला हवा, आणि कित्येक घरांत मागितलाच जात नाही. "घरातलं मानूस करतंय की, त्याचे कसले पैसे," असं एका सासऱ्यांनी मला ऐकवलं. ते घरातलं माणूस दारात उभं राहून ऐकत होतं.

हीच बाई नवरा गेला की वीरपत्नी होते. १५ ऑगस्टला शाल, नारळ, तहसीलदारांशेजारी खुर्ची. तो जिवंत असेपर्यंत मात्र ती फक्त 'अवलंबित'. खरं तर कोण कुणावर अवलंबून होतं? आणि पुढच्या तिच्या पेन्शनवरही तोच नाना बसलेला असतो. मृत्यू सेवेशी जोडलेला मानला तर विशेष कुटुंब पेन्शन शेवटच्या पगाराच्या साठ टक्के. नाही तर, सुरुवातीची काही वर्षं सोडली तर, तीस. वीरपत्नीच्या सन्मानाचं म्हणाल तर, शौर्यपदकाचा भत्ता विधवेनं दुसरं लग्न केलं की बंद व्हायचा, दिराशी केलं तरच चालू राहायचा. ही अट निघाली २०१७ मध्ये! एकविसावं शतक सतरा वर्षांचं झाल्यावर.

आपल्यातल्या काही मैत्रिणी विचारतात, युद्धाला विरोध करणाऱ्यांनी फौजी घरांची पेन्शन मिळवून देत का फिरायचं? मला यात विसंगती दिसत नाही. युद्धाचा खर्च किती, हे मांडताना आपण तोफा-विमानांच्या किमती सांगतो. एका घरात तीस वर्षं फुकट राबलेल्या बाईचा खर्च त्यात कधी धरला आहे का? तो कागदावर आणायचा, सरकारकडून वसूल करायचा, यासारखं युद्धविरोधी काम मला तरी दुसरं सुचत नाही.

आमच्या केंद्रात आता तक्रार लिहून घेतानाच विचारतो, घरात कुणी फौजेत होतं का, डिस्चार्ज बुक कुठे आहे. सैनिक कार्यालयात आठवड्यातून एक दिवस तरी बायकांचं ऐकायला बाई बसावी, आणि मेडिकल बोर्डापुढे घरच्या माणसाचं म्हणणं लेखी घेतलं जावं, या दोन मागण्या आम्ही लावून धरल्या आहेत. इतर जिल्ह्यांतल्या संघटनांनी आपापल्या भागात त्या उचलाव्यात. कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर इथे फौजी घरं थोडी नाहीत.

आणि एक बारीक काम, जे उद्याच करता येईल. पेन्शन आता 'स्पर्श' या संगणकीय व्यवस्थेतून येते. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि निरोप येतो मोबाईलवर. तो नंबर बहुतेक घरांत थोरल्या मुलाचा किंवा दिराचा असतो. बाईचा स्वतःचा नंबर तिथे नोंदवून घ्या, आणि खातं दोघांच्या नावावर आहे ना, तेही बघा.