पुरावा कुणी द्यायचा?

१९६८ साली व्हिएतनाममधल्या मेकाँग नदीच्या मुखाशी अमेरिकी नौदलाच्या गस्ती नौकांना सर्वांत मोठी भीती होती काठावरच्या झाडीची. पानांआड दबा धरून बसलेला बंदूकधारी नौका अगदी जवळ येईपर्यंत दिसतच नसे. तिथल्या नौदलाचे प्रमुख अ‍ॅडमिरल एल्मो झुमवॉल्ट यांनी काठांवर पाने झडवणारे तणनाशक फवारून घेतले. काठ उघडे पडले, खलाशांचे मृत्यू घटले. त्याच नद्यांवर एका गस्ती नौकेचा कप्तान त्यांचा स्वतःचा मुलगा होता. १९८३ मध्ये त्याला लिम्फोमा झाल्याचे निदान झाले, पाठोपाठ हॉजकिन्स हा दुसरा कर्करोगही निघाला. १९८८ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, तो गेला.

मुलाच्या आजारामागे ती फवारणीच आहे, याबद्दल वडिलांच्या मनात शंका नव्हती. फवारणीने अनेक जीव वाचले, त्यामुळे तोच आदेश पुन्हा दिला असता, असेही ते सांगत. पण हे कोर्टात सिद्ध करा म्हटले असते, तर चार तारे मिरवणाऱ्या या अ‍ॅडमिरलनाही ते जमले नसते. कर्करोगाच्या गाठीवर कारखान्याचा शिक्का नसतो.

विषारी रसायनांनी आजारी पडलेल्या माजी सैनिकांचा सारा प्रश्न इथेच अडतो. मदत किती द्यायची हा हिशेब नंतरचा. संशयाचा फायदा कुणाला द्यायचा, सैनिकाला की सरकारी तिजोरीला, हे आधी ठरवावे लागते.

१९६२ ते १९७१ या काळात अमेरिकेने व्हिएतनामवर सात कोटी लिटरांहून अधिक तणनाशके ओतली. त्यातले सर्वाधिक वापरलेले ‘एजंट ऑरेंज’. रसायन काही नारिंगी नव्हते. पिंपावरच्या नारिंगी पट्ट्यावरून ते नाव पडले. त्याच्या उत्पादनात डायऑक्सिन नावाचे अतिविषारी द्रव्य अनाहूतपणे तयार होत असे. शरीरातल्या चरबीत ते वर्षानुवर्षे मुक्काम ठोकते आणि आजार उमटतो तो कित्येक वर्षांनी. तोवर सैनिकाचा गणवेश ट्रंकेत गेलेला असतो आणि आपल्यावर नेमके काय उडाले, किती उडाले, याचा एक कागदही त्याच्याकडे नसतो.

१९९० मध्ये झुमवॉल्ट यांनी माजी सैनिक खात्याला अहवाल दिला आणि सरकारी अभ्यासांच्या निःपक्षपातीपणावरच बोट ठेवले. पुढच्याच वर्षी ‘एजंट ऑरेंज कायदा’ झाला. त्याने उलटी बाजू धरली. सैनिक व्हिएतनाममध्ये होता आणि त्याला यादीतला आजार झाला, एवढे पुरेसे. संबंध आहे असे सरकारच गृहीत धरेल.

खात्याने मात्र या गृहीतकालाही कुंपण घातले. २००२ पासून ‘व्हिएतनाममध्ये असणे’ म्हणजे तिथल्या जमिनीवर पाऊल ठेवणे, असा शब्दशः अर्थ लावला गेला. किनाऱ्यासमोरच्या समुद्रात महिनोन्‌महिने तैनात असलेले खलाशी त्यामुळे बाहेर फेकले गेले. त्यांच्यासाठीचा कायदा व्हायला २०१९ उजाडले. तोवर अनेक अर्जदार हयात नव्हते.

इराक आणि अफगाणिस्तानात हाच खेळ नव्या रसायनांनिशी झाला. तिथल्या तळांवरचा कचरा उघड्या खड्ड्यांत, म्हणजे ‘बर्न पिट’मध्ये, जाळला जाई. बगदादच्या उत्तरेला बलाद तळावरचा खड्डा सुमारे दहा एकरांचा होता. प्लास्टिक, टायर, बॅटऱ्या, रंगाचे डबे, दवाखान्यातला कचरा, मानवी मैला असे सगळे त्यात पडे आणि वरून विमानाचे इंधन ओतून पेटवले जाई. काळा धूर तंबूंवर उतरे. सैनिक त्यातच जेवत, झोपत, कवायत करत. मायदेशी परतल्यावर दम लागू लागला, कर्करोग निघू लागले. पण बर्न पिटच्या नावावर आलेल्या अर्जांपैकी सुमारे तीन चतुर्थांश खात्याने फेटाळले. कारण जुनेच: संबंध सिद्ध होत नाही.

ही स्थिती बदलणारा २०२२ चा ‘पॅक्ट’ कायदा ओहायो नॅशनल गार्डमधल्या हीथ रॉबिन्सन या सार्जंटच्या नावाने आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाने २०२० मध्ये ते वारले. जून महिन्यात सिनेटने ८४ विरुद्ध १४ मतांनी मान्य केलेले हे विधेयक जुलैअखेर दुसऱ्या फेरीत अडकले, कारण आधी बाजूने मत दिलेल्या वीसहून अधिक रिपब्लिकन सदस्यांनी घूमजाव केले. माजी सैनिक संसदेच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. उन्हापावसात, रात्रीही, ते हलले नाहीत. विनोदवीर जॉन स्टुअर्ट त्यांच्यासोबत होता आणि त्या दिवसांत तो विनोद करत नव्हता. २ ऑगस्टला तेच विधेयक ८६ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाले. वीसहून अधिक आजार गृहीतकाच्या यादीत आले; एजंट ऑरेंजच्या यादीत उच्च रक्तदाबाचीही भर पडली.

आक्षेप इथेच येतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा रक्तदाब तणनाशकाशिवायही वाढतो. आयुष्यभर सिगारेट ओढलेल्यालाही या कायद्याने पैसे मिळतील. खर्चाचा अंदाज दहा वर्षांत सुमारे २८० अब्ज डॉलर. आक्षेप खोटा नाही; काही चुकीचे अर्ज मंजूर होणारच. पण चूक दोन्हीकडे होऊ शकते, आणि खड्डा खणण्याचा, तो पेटवण्याचा, त्याशेजारी तंबू ठोकण्याचा हुकूम सैनिकाने दिलेला नव्हता. कोणत्या दिवशी काय जाळले याची वही ठेवणे सरकारला शक्य होते. ती ठेवली नाही, म्हणून तिचा भुर्दंड खोकणाऱ्या माणसाने का सोसावा?

अमेरिकेची ही उदारता तिच्या गणवेशापुरतीच आहे, हेही नोंदवायला हवे. व्हिएतनामी पीडितांचा रसायन कंपन्यांवरचा दावा अमेरिकी न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळला. दा नांग विमानतळाची दूषित माती अमेरिकेच्या पैशाने साफ झाली ती २०१८ मध्ये, आणि तीही भरपाई म्हणून नव्हे.

भारतात हे तत्त्व न्यायालयाच्या दारातून आले. फिट्सच्या आजारामुळे सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर घरी पाठवलेल्या धरमवीर सिंग या जवानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे मानायचे आणि आजार सेवेमुळे नाही हे दाखवायचे काम सरकारचे. त्यानंतरही अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी जवान लवादांच्या पायऱ्या झिजवतच आहेत. २०२३ च्या नव्या नियमांना माजी सैनिक संघटनांनी विरोध केला, तोही याच हक्कांच्या काळजीपोटी.

इंधन, द्रावके, रंग, दारूगोळ्याचा धूर यांच्याशी रोज संबंध येणाऱ्या प्रत्येक जवानाच्या वैद्यकीय कागदपत्रांत त्या संपर्काची नोंद बदलीगणिक व्हायला हवी आणि निवृत्तीच्या दिवशी तिची प्रत त्याच्या हाती पडायला हवी. नोंद सापडली नाही, तर निकाल जवानाच्या बाजूने लागावा.

झुमवॉल्ट यांचे निधन जानेवारी २००० मध्ये झाले, मेसोथेलिओमाने. हा दुर्मीळ कर्करोग बहुतांशी अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होतो. ज्या युद्धनौकांवर त्यांची हयात गेली, त्यांच्या बॉयलरांना आणि पाइपांना अ‍ॅस्बेस्टॉसचेच वेष्टण असे.