स्टिअरिंग सोडल्यानंतर

उतारवयात मोटार चालवणे थांबवण्याची वेळ येते तेव्हा दृष्टी, गुडघे आणि मंदावलेली प्रतिक्रिया यांविषयी घरात पुष्कळ चर्चा होते. परंतु ज्याने तीस-चाळीस वर्षे आपली फियाट किंवा अँबेसेडर निगुतीने सांभाळली, त्याच्या मनाचे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मुलाबाळांकडे किंवा सहलीसाठी जपानला जाणाऱ्या अशा ज्येष्ठांना तेथील जुन्या मोटारींच्या मेळाव्यात एक सकाळ अवश्य घालवू द्यावी.

जुन्या मोटारीला जपानी भाषेत ‘क्यूशा’ म्हणतात. स्थानिक हौशी मंडळींचे मेळावे बहुधा सुट्टीच्या दिवशी सकाळी भरतात. पुष्कळदा ‘मिची-नो-एकी’ या रस्त्याकाठच्या विश्रामस्थळी. १९९३पासून अधिकृत नोंदणी होत असलेल्या या स्थळांवर वाहनतळ आणि स्वच्छतागृह चोवीस तास खुले असते. वारंवार लघवीला जावे लागणाऱ्यांसाठी ही सोय मोलाची आहे. योकोहामाजवळचा दाइकोकू वाहनतळ जगप्रसिद्ध असला, तरी तो द्रुतगती मार्गावर असल्याने तेथे पायी जाता येत नाही. गर्दी नको असेल, तर आइची प्रांतात नागाकुते येथे १९८९ साली सुरू झालेले टोयोटाचे मोटार संग्रहालय अधिक सोयीचे.

मेळाव्यात भाषेची अडचण फारशी जाणवत नाही. बॉनेट उघडले की कार्ब्युरेटर आणि प्लग यांवर खाणाखुणांनीही संवाद जुळतो. १९५८ सालची, अवघ्या ३५६ सी.सी. इंजिनाची सुबारू ३६० पाहून आपली पहिली गाडी आठवणार नाही, असा मोटारप्रेमी विरळाच. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली मांडले की, वृद्धांचे गतायुष्यात रमणे हा मनाचा दुबळेपणा नसून आयुष्याचा अर्थ लावण्याची ती स्वाभाविक प्रक्रिया आहे. म्हणून अशा वेळी “पुरे झाल्या जुन्या गोष्टी” असे म्हणू नये, शांतपणे ऐकावे.

काही पथ्ये मात्र पाळावीत. मालकाची अनुमती घेतल्याविना गाडीला हात लावू नये, तिला टेकून उभे राहू नये. जुन्या गाड्यांना धूर शुद्ध करणारी यंत्रणा बहुधा नसते. दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी इंजिन सुरू असलेल्या गाडीपासून दूर, वारा येतो त्या बाजूला थांबावे. १९६७ सालच्या टोयोटा २००० जीटीची उंची जेमतेम ११६ सेंटिमीटर आहे. अशा ठेंगण्या गाडीत बसण्याचा आग्रह झालाच, तर आधी आसनावर टेकावे आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. खुब्याचा सांधा बदललेल्यांनी हा मोह टाळावा. घडीची खुर्ची, पाणी आणि एक गरम कपडा जवळ असावा. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. इन्सुलिनच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. सर्दीची काही औषधे तेथे नेण्यास बंदी आहे, याचीही आधी चौकशी करावी.

वाहनतळावर एखाद्या गाडीवर चार पाकळ्यांचे रंगीत चिन्ह दिसेल. सत्तरी ओलांडलेल्या चालकाची ती खूण. अशा गाडीला विनाकारण खेटणे किंवा तिच्यापुढे एकदम घुसणे कायद्याने मना आहे. परवाना स्वेच्छेने परत करणाऱ्याला तेथे अर्ज केल्यास वाहनचालनाच्या कारकिर्दीचे प्रमाणपत्र मिळते. ते ओळखपत्र म्हणून चालते आणि अनेक ठिकाणी बस-टॅक्सीच्या भाड्यात सवलतही देते.

या प्रथेतून आपल्या घरांनी घेण्याजोगे पुष्कळ आहे. किल्ली काढून घेणे सुरक्षिततेसाठी आवश्यक असेलही. पण त्याबरोबर त्या माणसाचे ज्ञान निरुपयोगी ठरवू नये. गाडीची सर्व्हिसिंग, टायरची निवड, लांबच्या प्रवासाचा मार्ग यांत त्यांचा सल्ला घ्यावा, आणि बाहेर पडायचे असेल तेव्हा कुणीतरी आनंदाने नेईल, याची त्यांना खात्री वाटू द्यावी. गाडी चालवणे थांबले, म्हणून बाहेर पडणे थांबता कामा नये.