गुन्हा नको, संदर्भ द्या

फेब्रुवारी २०२५. ‘छावा’ गाजत होता. संभाजी महाराजांवरच्या विकिपीडिया लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबरने संपादकांवर गुन्हा नोंदवला. आमच्या चौसाळ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस! त्यातल्या कितीजणांनी त्या लेखाचं चर्चापान उघडलं? लेखाला कुलूप असलं, तरी तिथे सहसा पुस्तक, पान क्रमांक देऊन बदल मागता येतो.

मी सॉफ्टवेअरवाला. कोड चुकला तर आम्ही दुरुस्ती पाठवतो, पोलीस नाही.

महाराजांच्या माथी मारलेला बदनामीचा डाग धुतला तो वा. सी. बेंद्र्यांनी, वर्षानुवर्षं कागदपत्रं शोधून, १९६०च्या चरित्रातून. त्यांनी कुणावर गुन्हा नोंदवला नव्हता. पुरावे आपल्याकडे आहेत, तर भीती कशाची? राग खरा असेल, तर बेंद्रे वाचा आणि संदर्भ द्या.