सेरेंगेटीचा अभ्यास आणि आपला माळ

बारामती तालुक्यातल्या सांगवीच्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने आफ्रिकेतल्या वन्यजीवांचा ऑनलाइन अभ्यासक्रम करावा का? १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातले आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत उतरले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले, आणि आफ्रिकेचे रान आपल्या घराघरांत बोलण्याचा विषय झाले. मोबाइल हातात आहेच. सिंह, हत्ती, शिकारविरोधी गस्त, मसाई गुराखी अशा विषयांवरचे अभ्यासक्रम त्यावर सहज सापडतात. काही फुकट, काही चांगले महाग. सांगवी नीरेकाठचे बागायती गाव. इथे वन्यजीव म्हटले की उसातल्या बिबट्याची बातमी आठवते. अशा गावात आईवडिलांनी ‘याचा उपयोग काय?’ असे विचारले, तर त्यांना उडवून लावू नये. प्रश्न रास्त आहे.

त्यांच्या बाजूने सगळ्यात जड मुद्दा अंतराचा आहे. याच तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. १९९७ साली ते मुख्यतः चिंकाऱ्यासाठी जाहीर झाले. शिर्सुफळच्या आणि इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर लांडगा, तरस, खोकड आजही नांदतात. वनविभागाने तिथे गवताळ प्रदेशाची सफारीही सुरू केली आहे. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर दर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. हे सगळे दुचाकीवरून गाठता येते. ज्याने शिर्सुफळचे तरस पाहिले नाही, त्याने केनियातल्या तरसांच्या कळपाची उतरंड पाठ करावी, यात काहीतरी उलटे आहे. शेजारच्या रानाची ओळख नसताना दूरच्या रानाचे प्रमाणपत्र भिंतीवर लागले, तर त्या मुलाचे कौतुक होईल, माळाचे मात्र काही भले होणार नाही.

हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही तो निर्णायक वाटत नाही, कारण आपल्याकडे वन्यजीवांचे शिक्षण म्हणून जे मिळते ते बहुतेक वाघाचे आणि घनदाट जंगलाचे असते. ताडोबा, मेळघाट, सह्याद्री. जंगल म्हणजे झाडे, आणि झाडे नसतील ती जमीन पडीक, हे समीकरण शाळेपासून मनात बसते. सरकारी पडीक जमिनींच्या नकाशातही गवताळ माळांचे मोठे पट्टे पडीक म्हणूनच नोंदले गेले. मग त्या ‘सुधारायला’ चर खणायचे, ग्लिरिसिडिया लावायचा. चिंकाऱ्याला लांबवर नजर टाकायला मोकळे रान लागते, लांडगीला बीळ करायला उघडा उतार लागतो, हे ध्यानात न घेता चांगल्या हेतूने माळ बिघडवला गेला. ताडोबा शिकून सुप्याचा माळ समजत नाही. उघड्या गवताच्या प्रदेशात जीवन कसे चालते, गवत, आग, चरणारे प्राणी, गुरे आणि गुराखी यांचे एकमेकांशी काय नाते असते, याचा पिढ्यान् पिढ्या चाललेला सखोल अभ्यास पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत झाला आहे. सांगवीच्या विद्यार्थ्याला आपल्या माळाकडे पाहण्याची दृष्टी कदाचित टांझानियाच्या वाटेनेच लवकर मिळेल.

बुळकांडीचेच घ्या. गुरांच्या या रोगाचे नाव आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांच्या काळजाचा ठोका आजही चुकवते. १८८७ च्या सुमारास ही साथ आजच्या एरिट्रियात शिरली. इटालियन फौजेसाठी आणलेल्या गुरांबरोबर ती आली आणि ती गुरे बहुधा भारतातली होती, असे मानले जाते. पुढच्या दहा वर्षांत ती खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचली. मसाई लोकांची गुरे गेली, त्यामागून दुष्काळ आला, रानातले गवे आणि विल्डबीस्टही मेले. विल्डबीस्ट म्हणजे बैलासारख्या तोंडाचे ते मोठे हरीण. १९५० नंतर टांझानियातल्या सेरेंगेटीभोवतीच्या गावांतल्या गुरांना लस टोचली गेली आणि १९६३ च्या आसपास रानातल्या प्राण्यांमधूनही रोग नाहीसा झाला. १९६१ साली अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट १९७७ पर्यंत चौदा लाखांच्या घरात गेले. एवढ्या तोंडांनी गवत खाल्ले, म्हणून वणव्याला जळण उरले नाही. वणवे घटले, आणि बऱ्याच भागात झाडांची नवी रोपे तगू लागली.

अभयारण्याच्या हद्दीबाहेर, एका गरीब गुराख्याच्या गोठ्यात टोचलेली सुई आतल्या रानाचे रूप बदलते, हे सांगणारे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. २०११ साली बुळकांडी जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. बारामती हा दुधाचा आणि जनावरांच्या दवाखान्यांचा तालुका आहे. इथल्या मुलाला हा धडा परका वाटणार नाही. उलट पुण्या-मुंबईच्या मुलापेक्षा तो त्याला लवकर उमगेल.

याच धड्याचा दुसरा भाग कुत्र्यांचा आहे, आणि तो तर थेट कडबनवाडीला येऊन भिडतो. १९९४ मध्ये सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाने मेले. विषाणूचा माग आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांपर्यंत गेला. इथिओपियाच्या उंच पठारांवर राहणारा तिथला लांडगा आता प्रौढ प्राणी मोजले तर पाचशेच्या आसपास उरला आहे. रेबीज आणि डिस्टेंपरच्या साथींनी बाले पर्वतातले त्याचे कळपच्या कळप संपवले. म्हणून तिथे गेली अनेक वर्षे धनगरांसारख्याच पशुपालकांच्या कुत्र्यांना लस दिली जाते, आणि २०१८ पासून लांडग्यांनाही आमिषातून लस देणे सुरू झाले. आपल्याकडे २०१८ मध्येच गीरमध्ये वीसहून अधिक सिंह काही आठवड्यांत मेले, तेव्हा त्यांतल्या काहींमध्ये डिस्टेंपरचाच विषाणू सापडला. पुणे जिल्ह्याच्या माळावर कुत्रा आणि लांडगा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले आहे. उकिरडे, कोंबड्यांच्या शेडबाहेर टाकलेली मेलेली पाखरे आणि त्यांवर पोसलेली मोकाट कुत्री जिथे आहेत, तिथे रोगही लांडग्याच्या बिळापर्यंत जाऊ शकतो. बालेचा धडा शिकलेली मुलगी शिर्सुफळच्या सरपंचांना कुत्र्यांच्या लसीकरणाविषयी काय सांगायचे, हे नेमके जाणेल. वाघाच्या पाठात तिला ते मिळणार नाही.

पण आफ्रिकेचे ज्ञान इथे उचलून लावता येत नाही, हेही तितकेच खरे. कुनोतच ते दिसले. दक्षिण गोलार्धातून आलेल्या चित्त्यांच्या अंगावर आपल्या पावसाळ्यात हिवाळी केस वाढले, रेडिओ कॉलरखाली ओल राहून जखमा चिघळल्या, आणि २०२३ च्या पावसाळ्यात काही चित्ते त्यात गेले. ऋतूंची उलटापालट एवढी मोठी गोष्ट ठरली. कायद्याचेही तसेच. नामिबियाने १९९६ च्या कायद्याने गावकऱ्यांना वन्यजीवांवर आणि त्यांपासून येणाऱ्या उत्पन्नावर हक्क दिले, त्यातून ऐंशीहून अधिक लोकसंरक्षित क्षेत्रे उभी राहिली. त्या उत्पन्नात पर्यटनाबरोबर परवान्याची शिकारही येते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो रस्ता बंद केला आहे, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान जवळपास १४,७६० चौरस किलोमीटरचे आहे. मयूरेश्वर त्यात हरवून जाईल. तिथल्या उपायांमागची जागा, जमिनीची मालकी, माणसांची दाटी हे सगळे वेगळे आहे, आणि हा फरक न सांगणारा अभ्यासक्रम विद्यार्थ्याला चुकीचा आत्मविश्वास देतो. महाराष्ट्राने आफ्रिकेकडून फक्त हौस उचलल्याचे उदाहरणही आहे: विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात कोल्हापूर संस्थानात आफ्रिकेतून चित्ते आणले गेले, ते काळवीट मारायला.

नोकरीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे, कारण काही जाहिराती फार मोठी आशा लावतात. वनरक्षकाच्या भरतीत लेखी परीक्षा आणि धावण्याची चाचणी असते. परदेशी ऑनलाइन प्रमाणपत्राला तिथे गुण नाहीत. आफ्रिकेतही पडद्यावरच्या शिक्षणाने कोणी मार्गदर्शक होत नाही. ‘फील्ड गाइड्स असोसिएशन ऑफ सदर्न आफ्रिका’ ही संस्था लेखी परीक्षेनंतर प्रत्यक्ष रानात उमेदवाराची परीक्षा घेते. भिगवणच्या परिसरात मासेमारी करणाऱ्या नावाड्यांनी पक्ष्यांची नावे पाहुण्यांकडून आणि पुस्तकांतून शिकून घेतली, नावेलाच वर्ग केले, आणि त्यावर घर चालवले. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हते, पाणी आणि पाखरे रोजची ओळखीची होती. तेव्हा पैसे भरून कोर्स घेण्याआधी घरच्यांनी हात आखडता घेतला, तर ते बरोबरच आहे. शिवाय बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे. मराठी माध्यमातला मुलगा दुसऱ्या धड्यातच थकतो, आणि दोष स्वतःला देतो.

मुलींच्या बाबतीत मात्र मी पडद्याला झुकते माप देईन. पहाटे पाच वाजता माळावर जायची परवानगी भावाला मिळते, बहिणीला मिळत नाही. तिच्यासाठी हा अभ्यास पहिले दार आहे. पुढे कॉलेजच्या गटाबरोबर रानात जाण्याचा आग्रह धरायला विषयाची ओळख तिच्या कामी येते.

तेव्हा माझे मत ‘करावा’ असे आहे, पण क्रम बदलून. आधी फुकटचे घ्यावे. आयआयटी कानपूरचा वन्यजीव परिसंस्थेवरचा अभ्यासक्रम एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणमंचावर आहे. ऐकायला पैसे लागत नाहीत, परीक्षेपुरते शुल्क लागते. ‘स्नॅपशॉट सेरेंगेटी’ या उपक्रमात २२५ स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेली छायाचित्रे जगभरच्या हजारो सामान्य लोकांनी २०१२ पासून ओळखून दिली; त्यावर थोडे दिवस काम केले, की फोटोतला प्राणी ओळखण्यात किती चुका होतात आणि त्या कशा सुधारतात, हे हातांना कळते. हीच सवय उद्या कडबनवाडीच्या कॅमेऱ्यातल्या खोकड आणि कोल्ह्यासाठी वापरता येईल. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार महाविद्यालयांना ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक सरकारच्या ऑनलाइन शिक्षणमंचाच्या, म्हणजे स्वयम्‌च्या अभ्यासक्रमांतून देता येतात. बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयासारख्या संस्थेने प्राणिशास्त्राच्या मुलांना ही वाट मोकळी करावी आणि सोबत मराठीत टिपणे द्यावीत: बुळकांडीवर एक, कुत्र्यांच्या रोगांवर एक, गवत आणि आगीवर एक. पैसे भरायच्या परदेशी कोर्सचा विचार त्यानंतर करावा.

आणि एक गोष्ट आफ्रिकेकडून नक्की घ्यावी. लुई लीबेनबर्ग या दक्षिण आफ्रिकी अभ्यासकाने १९९० च्या दशकात सान जमातीच्या शिकाऱ्यांची आणि कारूच्या रुक्ष प्रदेशातल्या माग काढणाऱ्यांची विद्या शास्त्रात आणली. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रांच्या खुणांवर चालणारे नोंदणीचे साधन तयार झाले, माग काढण्याची रीतसर परीक्षा सुरू झाली, आणि शाळा न पाहिलेली माणसे त्यात तज्ज्ञ ठरली. आपल्या माळावर वाघर लावून रात्र काढणारा मेंढपाळ लांडगीने कोकरू कोणत्या बाजूने नेले, तिची पिल्ले यंदा कोणत्या उतारावर आहेत, पाणी आटल्यावर ती कुठे जाईल, हे सांगू शकतो. कोकरू गेल्याच्या भरपाईसाठी तो पंचनाम्याची वाट पाहत थांबतो, नाहीतर कळप पुढे न्यायचा म्हणून भरपाई सोडून देतो. वनविभागाशी किंवा महाविद्यालयाशी त्याचा संबंध एवढाच उरतो. अभ्यासक्रमाच्या शेवटी जे प्रात्यक्षिक सुप्याच्या किंवा शिर्सुफळच्या माळावर व्हायला हवे, त्यात पाऊलखुणा वाचण्याचे गुण त्याने द्यावेत. परीक्षक म्हणून त्याचे नाव कागदावर यावे, आणि बाहेरून येणाऱ्या प्राध्यापकाला जे मानधन मिळते तेच त्यालाही मिळावे.