लक्ष्मी तलावाचा जमाखर्च

कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी येथे भोगावती नदी अडवून झालेल्या विस्तीर्ण जलाशयास लक्ष्मी तलाव म्हणतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राजर्षी शाहू महाराजांनी हे धरण हाती घेतले. पैशाअभावी काम मध्येच थांबले आणि ६ मे १९२२ रोजी महाराज निवर्तले. धरण पूर्णत्वास गेले ते स्वातंत्र्यानंतर. ज्यांनी पाया घातला, त्यांना काठोकाठ भरलेला तलाव पाहता आला नाही.

आज येथे सुमारे ८.३६ अब्ज घनफूट पाणी साठते. ठरावीक पातळी गाठली की सात स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. उन्हाळ्यात सोडलेल्या पाण्यावर नदीकाठचा ऊस तगतो; पुढे दिवाळीनंतर गुऱ्हाळे पेटतात आणि कोल्हापूरच्या गूळबाजारात सौदे निघू लागतात.

सौद्याच्या वहीत आपण वजन, भाव, अडत लिहितो. परंतु ज्यांची शेते या पाण्याखाली गेली, त्यांचे नाव कोणत्या खात्यावर मांडले? आपल्या नफ्यातील पहिले देणे त्यांचे आहे. ते आता रोखीने फिटणारे नाही.

त्याची फेड एकाच मार्गाने संभवते. आपल्या हयातीत पुरे न होणारे एखादे लोकोपयोगी काम आपणही आरंभावे. ताळेबंद वर्षाअखेरीस जुळतो; तलाव भरायला मात्र कधी कधी दोन पिढ्या लागतात.