काम काढून फिरावं

हल्ली मुंबईत पाहुणे येतात ते जागांची यादी घेऊनच येतात. गेट वे, मरीन ड्राइव्ह, हँगिंग गार्डन, सिद्धिविनायक... आमच्या लहानपणीही यादी साधारण हीच होती. तेव्हा ती काकांच्या डोक्यात असायची, आता मोबाईलमध्ये असते, एवढाच फरक. पण गेल्या काही वर्षांत एक नवीन टूम निघाली आहे. यादीच्या शेवटी "स्थानिकांसारखं फिरणं" असंही एक कलम असतं. म्हणजे काय, तर लोकलची एक फेरी, गाडीवरचा एक वडापाव आणि महालक्ष्मीच्या पुलावरून धोबीघाटाचा एक फोटो. झालं! पैसे घेऊन अशा फेऱ्या घडवून आणणारेही आहेत. मला याचं हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं. म्हणून मंडळी, आज त्याबद्दल चार शब्द. पटले तर घ्या, नाहीतर म्हातारीची बडबड म्हणून सोडून द्या.

माझं म्हणणं अगदी साधं आहे. शहरात राहणारा माणूस शहर बघायला म्हणून कधी बाहेर पडत नाही. तो कामाला बाहेर पडतो आणि जाता जाता त्याला शहर दिसतं. तेव्हा ज्याला स्थानिकांसारखं फिरायचं असेल त्याने आधी काहीतरी काम काढावं.

माझंच बघा. ३४ वर्षं मी मुलुंडहून गिरगावातल्या एका शाळेत शिकवायला जात होते. सकाळची लोकल, व्हीटीला उतरायचं, पुढे बस. (स्टेशनचं नाव १९९६ मध्ये बदललं आणि २०१७ मध्ये त्यात 'महाराज' जोडलं गेलं, ते उचितच आहे. पण आमच्या पिढीच्या जिभेला व्हीटीचं वळण पडलेलं आहे.) या ३४ वर्षांत गेट वे ऑफ इंडिया किती वेळा पाहिला असेन? फार तर चारदा, आणि तोही सहलीची मुलं मोजत. मात्र शाळेच्या घंटेचा लोलक कुठे मिळतो, स्नेहसंमेलनाचे फेटे भाड्याने कोण देतं, नकाशाला कापड कोण चिकटवून देतं, हे सगळं मला पाठ होतं. मुंबई मला कळली असेल तर ती अशा कामांतून कळली.

गेल्या डिसेंबरात माझा भाचा, भाचसून आणि त्यांची ११ वर्षांची मुलगी न्यू जर्सीहून आले होते. भाचा म्हणाला, "मावशी, यावेळी आम्हाला टुरिस्टासारखं नाही फिरायचं. तू फिरायचीस तसं फिरायचंय." म्हटलं, ठीक आहे. गुडघ्यांमुळे मला काही त्यांच्याबरोबर जाता येणार नव्हतं. म्हणून मी तिघांच्या हातात तीन कामं दिली. भाचसुनेला माझी एक जांभळी साडी दिली आणि सांगितलं, मंगळदास मार्केटमधून हिला मॅचिंग ब्लाउजपीस आणि फॉल आणायचा. भाच्याला देवघरातली समई दिली. तिच्यावरचा मोर निखळला होता, तो तांबा काट्यावर जाऊन बसवून आणायचा. आणि मुलीला एक वही दिली. येताना बसने दादरपर्यंत यायचं आणि वाटेत लागतील त्या सगळ्या स्टॉपांची नावं मराठीत लिहून काढायची. रविवारी बाजार बंद असतो म्हणून मुद्दाम मंगळवारी पाठवलं.

सकाळी दहाला गेलेली मंडळी संध्याकाळी सहाला आली. दमली होती, पण तिघंही एकाच वेळी बोलत होती!

भाचसून सांगत होती, दुकानदाराने साडी हातात घेतली, पदर उलगडला आणि म्हणाला, ट्यूबलाइटमध्ये जांभळा रंग फसवतो, दाराशी चला. मग बाहेरच्या उजेडात त्याने एकावर एक सात-आठ तुकडे ठेवून पाहिले. "सासूबाईंची साडी का?" असंही विचारलं. हिने "मावससासूबाईंची" म्हटल्यावर त्याने भडक रंग बाजूला करून जरा पोक्त रंग पुढे केला. :-) भाच्याची कथा आणखी लांब. पहिल्या दुकानात सांगितलं, आम्ही नुसती विकतो. दुसऱ्याने मागच्या गल्लीत पाठवलं. तिथे ज्याच्याकडे काम होतं तो जेवायला गेला होता. मग स्टुलावर बसून राहा, कटिंग चहा घ्या, समोरून जाणाऱ्या हातगाड्या बघा. कारागीर आला, त्याने मोर फिरवून फिरवून पाहिला, समई जुनी आहे म्हणाला आणि नीट डाख लावून दिला. कुठून आलात, असं त्याने विचारलं. भाच्याने "मुलुंड" म्हणून सांगितलं. पोरगा हुशार आहे, न्यू जर्सी म्हणाला असता तर मजुरी वाढली असती!

आता यात "बघण्यासारखं" काय आहे, असं कुणी म्हणेल. मला वाटतं, सगळंच आहे. त्या भागात एकेका धंद्याची एकेक गल्ली असते. विजेचं सामान लोहार चाळीत, दागिने झवेरी बाजारात, भांडी तांबा काट्यावर. एकाच मालाची शंभर दुकानं एकमेकांना लागून का, हा प्रश्न फोटो काढणाऱ्याला पडत नाही. समई घेऊन हिंडणाऱ्याला त्याचं उत्तर आपोआप मिळतं. गिऱ्हाइकाला चार ठिकाणी भाव विचारता येतो, आणि एका दुकानदाराकडे नसलेली वस्तू तो शेजाऱ्याकडून आणून देतो. कारागीरही हाकेच्या अंतरावर असतो. भूगोलाच्या पुस्तकात बाजारपेठेवर एक धडा असतो. तो मी कितीदा शिकवला, पण तीन तासांत भाच्याला जितका समजला तितका माझ्या वर्गात कुणाला समजला असेल की नाही, शंकाच आहे.

आणि यापेक्षाही मोठी एक गोष्ट आहे. नुसतं बघायला गेलं की आपण बघणारे आणि समोरचा बघण्याची वस्तू. धोबीघाटावर कपडे आपटणाऱ्या माणसाला पुलावरून रोज किती कॅमेरे बघत असतील! त्याने मान वर करून आपल्याला काही विचारावं अशी सोयच तिथे नाही. कामासाठी गेलं की मामला बरोबरीचा होतो. दुकानदार आपल्याला जोखतो, आपण त्याला जोखतो. तो चार प्रश्न विचारतो, आपण घासाघीस करतो. गिऱ्हाईक म्हणून का होईना, आपल्याला तिथे उभं राहायला कारण असतं. मोठ्या शहरात परक्या माणसाला सगळ्यात जास्त कशाची गरज असेल तर ती या कारणाची.

असो. आता मुलीच्या वहीकडे वळते, कारण मला खरं बोलायचंय ते त्याबद्दल.

तिने पायधुणी, भेंडी बाजार, जे. जे. रुग्णालय, भायखळा, लालबाग, भारतमाता, परळ, हिंदमाता अशी नावं काढून आणली होती. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होत्या, पण लाल शाई काढली नाही. रात्री आम्ही दोघी ती वही घेऊन बसलो. मुंबई बेटाबेटांची होती तेव्हा मधलं पाणी ओलांडून आलेले लोक जिथे पाय धूत, ती पायधुणी, असं सांगतात. भेंडी बाजार हे नाव भेंडीच्या झाडांवरून पडलं असं काहीजण म्हणतात, तर 'बिहाइंड द बझार' या साहेबाच्या शब्दांवरून, असं आणखी काहीजण. लालबाग-परळला तिला उंच टॉवरांच्या मध्येच एक चिमणी दिसली होती. मग गिरण्या आल्या, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप आला, आणि त्या माणसांचं पुढे काय झालं हेही आलं. बसच्या एका फेरीत दोनशे वर्षांचा इतिहास झाला की हो!

आता गंमत बघा. हीच मंडळी टॅक्सीने आली असती तर क्रॉफर्ड मार्केटजवळ जे. जे. उड्डाणपुलावर चढून थेट भायखळ्याला उतरली असती. त्या अडीच किलोमीटरखाली एक अख्खं शहर आहे. ते त्यांना वरून दिसलंच नसतं. बस खालून जाते, कारण तिचे स्टॉप खाली आहेत आणि तिचे उतारूही खालीच राहतात. मेट्रोचंही तेच. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली, ३३.५ किलोमीटर. काळबादेवी, गिरगाव अशी आपली नावं स्टेशनांना आहेत, गाड्या थंडगार आहेत, सरकते जिने आहेत. माझ्या गुडघ्यांच्या वतीने मी तिचे आभारच मानते. पण भुयारातून गिरगावला गेलेल्या माणसाला गिरगाव लागतं, गिरगावची वाट लागत नाही. (शब्दशः घ्या!)

म्हणून मला बसची काळजी वाटते. मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. म्हणजे १५ जुलै २०२६ ला तिची शंभरी भरते. त्याआधी १८७४ पासून ट्राम होती. ती ३१ मार्च १९६४ ला बंद झाली तेव्हा मी शाळेत होते, आणि तिला निरोप द्यायला लोटलेल्या गर्दीच्या गोष्टी घरात कितीतरी दिवस चालल्या होत्या. १९३७ पासूनची जुनी दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची धावली, तेव्हाही लोकांनी तिला हारफुलं घातली. विजेवरच्या नव्या वातानुकूलित दुमजली गाड्या आल्या आहेत, छानच आहेत. पण एकूण गाड्यांचं काय? एकेकाळी बेस्टकडे चार हजारांच्या वर बसगाड्या होत्या. आता त्या तीन हजारांच्याही आत आल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक भाड्याने घेतलेल्या आहेत. पूर्वी विजेच्या उत्पन्नातून बसचा तोटा भरून निघायचा, ती सोय राहिली नाही. रस्ते खाजगी मोटारींनी भरले, त्यात बस अडकू लागली, बस अडकते म्हणून माणसं आणखी मोटारी घेऊ लागली. ९ मे २०२५ पासून साध्या बसचं किमान भाडं ५ चं १० रुपये झालं.

भाडं वाढलं याबद्दल मी फार तक्रार करणार नाही. डिझेल, पगार, सगळंच वाढलं आहे. माझं म्हणणं आहे ते हिशेबाच्या पद्धतीबद्दल. बस तोट्यात आहे असं दरवर्षी छापून येतं. उड्डाणपूल तोट्यात आहे असं कधी वाचलंय? त्याच्यावरून जाणाऱ्याकडून किती वसूल झालं हे कुणी विचारत नाही, कारण रस्ता ही सोय मानली जाते. मग कामवाल्या बाई, दवाखान्यात निघालेले आजोबा, शाळेची मुलं ज्या गाडीतून जातात ती सोय का मानू नये? गाड्या वाढवा, गर्दीच्या रस्त्यांवर बसला तिची वेगळी वाट द्या. बस वेळेवर आली की उतारू कुठे जात नाहीत. गाडीला हार घालून काय उपयोग, तिला उतारू हवे असतात.

"पाहुण्यांच्या फिरण्याचा आणि बसच्या तोट्याचा काय संबंध?" असं कुणी म्हणेल. माझ्या मते सरळ संबंध आहे. पाहुण्याला जे दाखवायचं ते आधी आपल्या वापरात हवं. पाहुणा वरून वरून शहर बघून गेला तर फार बिघडत नाही, तो आठ दिवसांनी जाणारच आहे. पण इथे राहणारेच एसी गाडीतून पुलावर चढले आणि थेट मॉलच्या तळघरात उतरले, सामानसुद्धा मोबाईलवरून दारात मागवू लागले, तर पायधुणीची आणि परळची माणसं त्यांना कधी भेटणार? मग आपल्याच शहरात आपणच पाहुणे होऊन बसतो. ज्यांची ओळख नाही त्यांच्याबद्दल माणूस चटकन वाईट मत करून घेतो, हे शाळेत मी इतक्या वर्षांत भरपूर पाहिलं. वेगवेगळ्या वस्तीतली मुलं एका बाकावर बसवली की आठवड्याभरात डबे वाटून खाऊ लागायची. बसचा बाकही तसाच आहे.

ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी गेट वे जरूर बघावा, माझी ना नाही. इमारत सुंदरच आहे. पण एक दिवस राखून ठेवा आणि ज्यांच्याकडे उतरलात त्यांना विचारा, तुमचं एखादं काम आहे का. प्रत्येक घरात असतंच. बंद पडलेलं घड्याळ, बाइंडिंग सुटलेलं पुस्तक, न मिळणारा मसाला. हे पुण्याला, कोल्हापूरला, लंडनलाही लागू आहे असं मला वाटतं.

तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे येऊ घातलेल्या समस्त नातेवाईकांना आगाऊ सूचना: मिक्सरचं भांडं गळतंय, चष्म्याची काडी सैल झाली आहे, आणि लालबागहून वर्षाचा मसाला कुटून आणायचा आहे. बसला सुटे पैसे मी देईन.