विश्लेषण : घातक रसायनांचे ‘ॲप’ संगणकावर चालवणे कितपत शहाणपणाचे?

महामार्गावर टँकर उलटला की पहिला फोन नियंत्रण कक्षात खणखणतो. तिथे संगणक असतो, मोठा पडदा असतो आणि चार जण एकाच वेळी माहिती पाहू शकतात. त्यामुळे घातक रसायनांची माहिती देणारे मोबाइल ॲप सरळ संगणकावरच घ्यावे, असे वाटणे साहजिक आहे. ते करता येते का आणि प्रत्यक्ष अपघातात त्यावर विसंबावे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

हे ॲप नेमके काय सांगते?

या क्षेत्रात सर्वाधिक परिचित आहे ते ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स गाइडबुक’ म्हणजेच ‘ईआरजी’. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या देशांची ही पुस्तिका दर चार वर्षांनी सुधारून निघते. २०२४ ची आवृत्ती अँड्रॉइड आणि आयफोनवर मोफत मिळते. टँकरवरचा चार आकडी ‘यूएन क्रमांक’ टाकला की रसायनाचे नाव, धोक्याचे स्वरूप, आग विझवण्याची पद्धत आणि किती अंतरापर्यंत लोकांना हटवावे हे समोर येते. एलपीजीचा क्रमांक १०७५. मोठी गळती असेल तर वाऱ्याच्या दिशेने ८०० मीटरपर्यंतचा परिसर रिकामा करण्याचा विचार करावा, आणि टँकरच आगीत सापडला असेल तर चारही बाजूंनी १६०० मीटर, असे पुस्तिका सांगते. जयपूर-अजमेर महामार्गावर २० डिसेंबर २०२४ रोजी एलपीजी टँकरला ट्रकची धडक बसून भडकलेल्या आगीत कितीतरी वाहने होरपळली. हे अंतर कागदावरचे नसते, हे त्या पहाटेने दाखवले.

ही पुस्तिका पहिल्या काही मिनिटांसाठी आहे. तज्ज्ञ येईपर्यंत काय करावे आणि काय करू नये, एवढेच ती सांगते.

मोबाइल ॲप संगणकावर कसे चालते?

मार्ग मुख्यतः तीन. पहिला ‘एम्युलेटर’चा. ब्लूस्टॅक्ससारखे सॉफ्टवेअर किंवा गूगलच्या अँड्रॉइड स्टुडिओमधील एम्युलेटर संगणकाच्या आत एक आभासी फोन उभा करतो. त्यात प्ले स्टोअर उघडायचे, गूगल खात्याने प्रवेश करायचा आणि ॲप उतरवून घ्यायचे. दुसरा मार्ग क्रोमबुकचा, कारण त्यांपैकी अनेकांवर अँड्रॉइड ॲप थेट चालतात. तिसरा ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकचा. ॲप बनवणाऱ्याने परवानगी दिली असेल तर त्यावर आयफोनचे ॲप वापरता येते.

विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही अँड्रॉइड ॲपची सोय दिली होती. ५ मार्च २०२५ पासून तिचा आधार काढून घेण्यात आला.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण यंत्राची. एम्युलेटर सुरळीत चालायला प्रोसेसरमधील ‘व्हर्च्युअलायझेशन’ चालू असावे लागते आणि भरपूर रॅम लागते. सरकारी कार्यालयातल्या जुन्या संगणकावर हे दोन्ही मिळेलच असे नाही. शिवाय नवे सॉफ्टवेअर टाकण्याचे अधिकार बहुधा कर्मचाऱ्याकडे नसतात.

दुसरी अडचण उगमाची. प्ले स्टोअर चालेना म्हणून कुठल्याशा संकेतस्थळावरून एपीके फाइल उतरवली, तर ती खरी आहे की बदललेली, ताजी आहे की दोन आवृत्त्या जुनी, हे ऐनवेळी कोण तपासणार? ज्या जाळ्यावर ११२ क्रमांकाचे काम चालते, त्याच जाळ्यावर असे अनोळखी सॉफ्टवेअर घुसवणे हा स्वतंत्र धोका आहे.

तिसरी अडचण स्थळाची. आभासी फोनला स्वतःचा जीपीएस नसतो. अँड्रॉइड स्टुडिओच्या एम्युलेटरमध्ये मूळ ठिकाण कॅलिफोर्नियातले असते. ठिकाणावरून नकाशा किंवा अंतर दाखवणारे कोणतेही ॲप तिथे निर्धास्तपणे चुकीचे उत्तर देईल.

चौथी अडचण टिकाऊपणाची. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचे ‘वायझर’ हे ॲप जगभरच्या बचाव पथकांत वापरले जाई. २०२३ मध्ये ते बंद झाले. ज्यांनी जुनी प्रत एम्युलेटरमध्ये जपून ठेवली, त्यांच्याकडे ते उघडेल. पण त्यातली माहिती तिथेच थांबलेली आहे. म्हणजे ॲप एकाचे, त्याखालचा एम्युलेटर दुसऱ्याचा आणि त्याखालची प्रणाली तिसऱ्याची. यातले कोणीही पाय काढून घेतला की डोलारा कोसळतो.

संगणकासाठीच बनवलेला पर्याय आहे का?

आहे, आणि म्हणूनच एम्युलेटरचा खटाटोप बहुतेक वेळा अनावश्यक ठरतो. अमेरिकेच्या नोआ आणि ईपीए या संस्थांचे ‘कॅमिओ केमिकल्स’ विंडोज आणि मॅकवर थेट चालते, इंटरनेटशिवायही वापरता येते आणि मोफत आहे. त्यात ईआरजीचे मार्गदर्शन तर आहेच, शिवाय दोन रसायने एकत्र आली तर काय होईल, याचा अंदाजही मिळतो. त्याच कुटुंबातले ‘अलोहा’ विषारी वायूचा लोट किती दूर जाईल, याचे गणित मांडते. ईआरजी पुस्तिकेची पीडीएफ प्रतही अधिकृतपणे मिळते. ती संगणकावर साठवायला आणि छापून टेबलावर ठेवायला कोणाचीच आडकाठी नाही.

ही विदेशी साधने इथे जशीच्या तशी चालतील?

रसायनाचा स्वभाव देश पाहून बदलत नाही. यूएन क्रमांकही जगभर तेच. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतील. ईआरजीतील मदतीचे फोन क्रमांक उत्तर अमेरिकेचे आहेत. विषारी वायूंसाठी दिलेली अंतरे तिथल्या हवामानाच्या नोंदींवर बेतलेली आहेत. आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार आपल्या टँकरवर जो माहितीफलक लागतो, त्यावर यूएन क्रमांकासोबत ‘हॅझकेम’ संकेतही असतो. हा संकेत ब्रिटिश पद्धतीचा. ईआरजी तो उलगडत नाही. पेट्रोलच्या टँकरवरील ‘३वायई’मधला ३ फेस वापरायला सांगतो, तर ‘ई’ लोकांना हलवण्याचा विचार करायला सांगतो. ॲपवरच सारी भिस्त ठेवणाऱ्याला फलकावरचे हे अर्धे उत्तर वाचताच येणार नाही.

सर्वात मोठी चूक कुठे होऊ शकते?

ती संगणकात नव्हे, फोनवर होऊ शकते. पेट्रोलचा क्रमांक १२०३, मिथेनॉलचा १२३०. घटनास्थळावरच्या गोंगाटात ‘बाराशे तीन’ आणि ‘बाराशे तीस’ यांत फरक तो किती? पण मिथेनॉलची ज्वाला उजेडात जेमतेम दिसते, त्याची वाफ विषारी असते आणि साधा फेस त्यावर टिकत नाही. अल्कोहोलवर टिकणारा वेगळा फेस लागतो. ॲप अचूक असेल, पण चुकीच्या आकड्याला ते चुकीच्या रसायनाचेच अचूक उत्तर देईल. म्हणून ‘एक-दोन-शून्य-तीन’ असा एकेक अंक सांगणे, ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवणे आणि फलकावरील नाव किंवा चालकाजवळच्या ‘ट्रेम कार्ड’शी ताडून पाहणे, ही शिस्त कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोलाची आहे.

मग करावे काय?

एम्युलेटरवरचे ॲप प्रशिक्षणासाठी उत्तम आहे. मोठ्या पडद्यावर वीस जवानांना एकदम शिकवता येते. नियंत्रण कक्षात मात्र संगणकासाठीच बनवलेले, विनाइंटरनेट चालणारे साधन असावे. घटनास्थळी जाणाऱ्याच्या खिशात फोनवरचे ॲप असावे. आणि वीज तोडली तरी वाचता येईल अशी छापील पुस्तिका दोन्ही ठिकाणी असावी. आवृत्ती कोणती आहे, हे दर तिमाहीला तपासून तारखेसह नोंदवण्याची जबाबदारी एका व्यक्तीच्या नावावर असावी.

रासायनिक अपघातांबाबतच्या १९९६ च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती गट ठेवले आहेत. तारापूर, डोंबिवली, महाड, लोटे, पाताळगंगा अशा रासायनिक पट्ट्यांच्या महाराष्ट्रात या गटांनी एवढे तरी करावे : हॅझकेम संकेताचा अर्थ, स्थानिक फोन क्रमांक आणि त्या रस्त्यावरून नेहमी जाणारी रसायने यांचा मराठी तक्ता प्रत्येक अग्निशमन केंद्रात आणि महामार्ग पोलीस चौकीत लावावा. त्याला फारसा निधी लागत नाही. टँकरजवळ सर्वात आधी पोहोचणारा माणूस बहुधा तज्ज्ञ नसतो. तो गावकरी असतो, नाहीतर गस्तीवरचा शिपाई. तिथून दूर हो, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला जा आणि लांबूनच आकडा वाच, हे त्याला त्याच्या भाषेत आधी कळले पाहिजे. ॲप कोणत्या यंत्रावर चालवायचे, हा प्रश्न त्यानंतरचा.